रेबोरेदोतला एकटा रेबोरेदो

दोसिंदाला सकाळी उठल्यावर आधी देव आठवायचा नाही, धुराडी आठवायची. कोंबड्यांच्या मक्याची टोपली काखेत मारून ती अंगणातल्या दगडावर चढायची आणि खालच्या पुलापासून वरच्या चर्चपर्यंत सगळं गाव एकदा नजरेखालून घालायची. लोहारांचा धूर निघाला. गिरणीवाल्यांचा निघाला. वरच्या आळीतल्या त्या तिघी बहिणींचा अजून पत्ता नाही, काल रात्री वाईन जास्त झाली असणार. आणि हे मनातल्या मनात नाही हं. मोठ्याने. कोंबड्यांना ऐकू जाईल, आणि शेजारच्या एर्मितासलाही.

हा रिकामटेकडेपणा होता असं कुणी समजू नये. आमच्या रेबोरेदोत डोंगर कुणा एकाच्या बापाचा नाही, गावाचा आहे. त्यातलं सरपण, चराई, पाइनची झाडं, सगळ्यावर हक्क गावकऱ्यांचा. आणि गावकरी कोण? ज्याचं दार उघडं आहे आणि ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो, तो. दाराला कुलूप लावून बार्सेलोनाला गेलात, जा बापडे, सुखात राहा, पण डोंगर विसरा. परत यायचंय? या की. वर्षभर घर उघडं ठेवा, धूर दाखवा, मग बैठकीत तुमच्यासाठी हात वर होतील.

नियम साधा, पण माणसं कुठे साधी असतात! लुगो शहरात दुकान थाटून बसलेल्या सुसोने आपल्या म्हाताऱ्या आत्याला कामाला लावलं होतं. तिने रोज सकाळी त्याच्या बंद घरात जायचं, चार काटक्या पेटवायच्या आणि निघून यायचं. सगळ्या गावाला तो धूर खरा वाटला. दोसिंदाला नाही वाटला. माणूस राहतो त्या घराचा धूर जेवणाच्या वेळेला पुन्हा उठतो, संध्याकाळी पुन्हा उठतो. सुसोचा धूर सकाळी एकदा उठायचा आणि आटोपायचा. दोसिंदाने भर बैठकीत त्याचं पितळ उघडं पाडलं, तेव्हापासून धुराड्यांची राखण तिच्याकडे आली ती आलीच. पगार नाही, मान नाही, उलट लोक घाबरूनच असायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

दोसिंदा जन्मापासून अशी नव्हती. तरुणपणी इतकी भोळी, की जत्रेतल्या भविष्यवाल्याने सांगितलेलंसुद्धा खरं मानायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा कामीलो बोटीने समुद्रापार, काराकासला कमवायला गेला. पत्रं यायची. या नाताळला येतो. पुढच्या नाताळला तर नक्कीच. दोसिंदा दर नाताळला डुकराचा एक खांदा मीठ लावून राखून ठेवायची, सण उलटून गेला तरी वाट बघायची, आणि शेवटी एकटीच शिजवून खायची. बरीच वर्षं गेल्यावर शेजारच्या गावचा एक जण तिकडून परतला आणि त्याने गुरांच्या बाजारात, चारचौघांसमोर, सांगून टाकलं की कामीलोने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलंय, मुलं आहेत, गडी मजेत आहे. दोसिंदा रडली नाही, ओरडली नाही. फक्त त्या दिवसापासून ऐकलेल्यावर आणि लिहिलेल्यावर तिने विश्वास ठेवणं सोडलं. डोळ्याला दिसेल ते खरं. आणि आमच्या या चढउतारांच्या मुलखात घरी बसल्या डोळ्याला दिसतं ते काय, तर धूर.

अशा बाईच्या बरोबर समोरचं घर त्या माणसाने घेतलं. याला नशीबच म्हणायचं, बरं की वाईट ते तुम्ही ठरवा.

चेस्टनट पडायचे दिवस होते. टेकाडावरच्या मारिन्यासांचं घर कित्येक वर्षं बंद होतं, त्यांच्या वारसांनी ते कुणा परक्याला विकल्याचं कानावर आलं होतं. एका दुपारी पाववाल्याच्या गाडीतून एक उंच, वाळका माणूस उतरला. गळ्याला मफलर, हातात पत्र्याची पेटी. तो सरळ खानावळीत शिरला. दोसिंदा तिथे मीठ घ्यायला गेली होती. निदान ती तरी तसंच सांगते.

"नाव काय तुमचं?" प्रिमितीवोने विचारलं. हा लोहारांचा प्रिमितीवो, डोंगराच्या बैठकीचा अध्यक्ष, त्यामुळे गावात कुणी नवा आला की पहिला प्रश्न विचारायचा मान त्याचा.

"लाउरेआनो."

"लाउरेआनो काय?"

"रेबोरेदो."

खानावळीत असा हशा उसळला, की कोपऱ्यात झोपलेला कुत्रा उठून बाहेर गेला. अहो, रेबोरेदोत कुणाचं नाव रेबोरेदो असतं का? इथे जो तो आपापल्या घराच्या नावाने. प्रिमितीवो लोहारांचा, एर्मितास गिरणीवाल्यांची, दोसिंदा भट्टीवाल्यांची. नदीत उभं राहून कुणी 'मी ओला, मी ओला' असं ओरडत नाही, तसंच आहे हे.

"तसं नव्हे हो," प्रिमितीवो डोळे पुसत म्हणाला, "तुम्ही कुणाचे? कुठल्या घरचे?"

"ते मला माहीत नाही." माणूस हसला नाही, रागावलाही नाही. "माझे आजोबा इकडून डोंगरापलीकडे गेले. लेओनच्या खाणीत लागले, माझा बाप खाणीत, मीही खाणीतच. आजोबांना विचारलं की कुणाचे तुम्ही, तर एवढंच म्हणायचे, रेबोरेदोचा. पुढे काही नाही." मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ओकची झाडं कुठल्या बाजूला आहेत?"

"कसली?"

"ओकची. आजोबा सांगायचे, रेबोरेदो म्हणजे ओकची राई. इतकी दाट, की आत मेंढी शिरली तर ती लांडग्यालाही सापडायची नाही."

आता हसणं थांबलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ओक केव्हाच गेले, माझ्या जन्माच्या आधी. रेल्वेच्या रुळांखाली घालायला तोडून नेले. आता डोंगरावर सगळी पाइन. आणि आल्या आल्या, पेटी खाली ठेवायच्या आत, झाडांची चौकशी करणारा माणूस कोण असतो?

"लाकडाचा दलाल!" बाहेर पडल्या पडल्या दोसिंदाने एर्मितासला सांगितलं. "नाव रेबोरेदो म्हणे! अगं, उद्या कुणी येईल आणि म्हणेल माझं नाव डोंगर, तर डोंगर देऊन टाकायचा का त्याला?"

"दिसायला बरा आहे पण," एर्मितास म्हणाली. ही दोसिंदाची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिला चिडवायची एकही संधी ती सोडत नसे. "मफलर स्वच्छ होता. तुझ्या समोरच राहायला आलाय, दोसिंदे. रोज बघशील."

"बघणारच आहे," दोसिंदा म्हणाली.

आणि तिने बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या मनात पाल चुकचुकली. धूर निघत होता, त्याबद्दल वाद नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, अगदी नियमाने. उलट जरा जास्तच. पांढराफटक, जाड, गावाच्या दुसऱ्या टोकावरून दिसेल असा. दोसिंदाने नाक वर करून हुंगला. ओली काटेरी झुडपं! घरात कोरडं सरपण रचलेलं असताना कुठला शहाणा माणूस ओली झुडपं जाळतो? ज्याला ऊब हवी तो नाही. ज्याला धूर दाखवायचा आहे तो.

आणि तो स्वतः कुठे? तर बाहेर, पायरीवर. चूल पेटली की हा मफलर नाकावर ओढून घाईने बाहेर यायचा आणि दार लोटून पायरीवर बसायचा. धुकं असो, गारठा असो, दगडावर पांढरं दहिवर असो. चूल आत जळतेय आणि घरधनी बाहेर कुडकुडतोय. आणि वर खोकायचाही. "तंबाखू ओढून ओढून छातीचं खोकं केलंय," दोसिंदा कोंबड्यांना म्हणाली.

"आत कुणीतरी आहे," ती एर्मितासला म्हणाली.

"कोण असणार?"

"लपवलेलं कुणीतरी. नाहीतर चोरून दारू गाळतोय. पहाऱ्यावर बसतो तो बाहेर."

"मग एक बाटली माझ्यासाठी माग," एर्मितास म्हणाली. "तुझा संशय खरा निघाला तर निदान काहीतरी हाताला लागू दे."

सर्व संतांच्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन कबरस्तानात गेलं. दोसिंदाने आईबापाच्या दगडावर शेवंती ठेवली, घाईघाईत प्रार्थना पुटपुटली, आणि मग एर्मितासला ओढत एकेक दगड वाचत सुटली. जुने, शेवाळलेले, पडलेले, सगळे. कुठेही रेबोरेदो नाही. एकाही मेलेल्याचं ते नाव नव्हतं.

"बघितलंस?" तिचे डोळे चमकत होते. "माणूस जिवंतपणी खोटं बोलेल, पण दगड बोलेल का? या गावात त्या नावाचा कुणी जगलाही नाही आणि मेलाही नाही. नाव उचललंय त्याने. गावाची पाटी वाचून उचललंय."

एर्मितासही दगडांकडे बघत होती, आणि तिच्याही मनात संशयाचं बी पडलं होतं. हिवाळा संपेपर्यंत ते सगळ्या गावाच्या मनात रुजलं. लाउरेआनो खानावळीत आला की गप्पा बंद. त्याने वाईन मागितली की वाईन मिळायची, पण बाजूची खुर्ची कुणी सरकवायचं नाही. डुक्कर कापायच्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी ताजं मांस वाटतात. त्याच्या दारात कुणी गेलं नाही. तो मात्र भेटेल त्याला टोपीला हात लावून नमस्कार करायचा. लबाडाचं लक्षण, दोसिंदा म्हणाली. भला माणूस एवढे नमस्कार करत नाही.

त्याला काय हवं होतं, हे त्याने लपवून ठेवलं नव्हतं. वर्ष भरलं की बैठकीसमोर अर्ज करायचा आणि इथला गावकरी व्हायचं, एवढंच. प्रिमितीवोने त्याला बजावलं होतं, "धूर रोज दिसला पाहिजे बरं का. समोर दोसिंदा आहे." त्यावर तो म्हणाला होता, "माहीत आहे मला. खिडकीचा पडदा हलतो तिच्या."

उन्हाळ्याच्या शेवटी दोसिंदाने शेवटचं पाऊल टाकलं. लाउरेआनो पाववाल्याच्या गाडीतून खाली तालुक्याला गेला होता. मधूनमधून जायचा, संध्याकाळच्या आत यायचा, कशाला ते सांगायचा नाही. कुणाला भेटत असेल? दलालाला, दुसरं कोण! दोसिंदाने बोळ ओलांडला, दार ढकललं. आमच्याकडे दाराला कुलूप नसतं, नाहीतर उघडं घर कसलं.

वर स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थबकली. चुलीत निखारे होते, पण चुलीवर भांडं नव्हतं. साखळीला कढई नाही, शेजारी बाक नाही, खुर्ची नाही. खिडकी सताड उघडी. कोपऱ्यात ओल्या झुडपांचा भारा. बस्स. कुणी लपलेलं नव्हतं, दारूही नव्हती. माणूस राहतो अशी एकही खूण त्या खोलीत नव्हती.

ती खाली गोठ्यात उतरली. गोठ्यात जनावर कुठलं असायला! तिथे मोठ्या दाराला अगदी चिकटून एक खाट, वर घडी केलेली पांघरुणं, गॅसची लहान शेगडी, तिच्यावर कोबी-बटाट्याच्या रश्शाचं पातेलं. उशाशी औषधाची काळी बाटली होती. दोसिंदाने बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि परत ठेवली.

म्हणजे आग नुसती देखाव्याची! गॅसवर शिजवतो, गोठ्यात झोपतो, आणि वर गावाच्या डोळ्यांत धूर फेकायला झुडपं जाळतो. दोसिंदाला कोण आनंद झाला! सुसोला पकडलं तेव्हाही एवढा झाला नव्हता.

वळली तर दारात लाउरेआनो उभा. त्या दिवशी गाडी लवकर परतली होती.

"कोंबडी," दोसिंदा म्हणाली. "माझी कोंबडी शिरली इकडे."

"सापडली का मग, बाई?"

"नाही."

"वर स्वयंपाकघरात बघितलंत?"

"बघितलं," असं म्हणून गेली आणि जीभ चावली. लाउरेआनो बाजूला झाला आणि तिला वाट दिली. चढ चढून आल्याने त्याला धाप लागली होती, बोलताना तो मध्ये मध्ये थांबत होता. "सापडली तर सांगा," तो म्हणाला. "आणि यायचं तर मी असताना या. कॉफी करेन." यात टोमणा होता की नव्हता, हेच दोसिंदाला कळलं नाही, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली. दिवसभर तिला तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

वर्ष भरलं. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर बंद पडलेल्या शाळेत बैठक बसली. मुलांच्या लहान बाकांवर म्हातारी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. लाउरेआनो फळ्यापाशी उभा होता, टोपी हातात. हात वर झाले तर तो इथला, नाहीतर परका. तालुक्यात जा, लेओनला जा, कुठेही जा.

"कुणाला काही बोलायचंय?" प्रिमितीवोने विचारलं, आणि सगळ्या माना दोसिंदाकडे वळल्या.

दोसिंदा उठली. तिने एप्रन सारखा केला. "दोन गोष्टी," ती म्हणाली. "एक, नाव खोटं. या गावात रेबोरेदो नावाचं घर नाही, कबर नाही, माणूस नव्हता. मग हा कुठून उगवला? ज्याला स्वतःचं घर सांगता येत नाही, तो आपला कसा? दुसरं, धूर खोटा. मी आत जाऊन बघितलंय. कशी गेले ते विचारू नका. त्या चुलीवर काही शिजत नाही, तिच्यापाशी कुणी बसत नाही. ओली झुडपं जाळून आपल्याला वेड्यात काढलंय याने."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "सुसो, सुसो" म्हणालं. लाउरेआनो फळ्याला टेकला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून काठी आपटली. देल्मीरोकाका. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, बैठकीला यायचा तो शाळेतल्या शेगडीच्या उबेसाठी, आणि सहसा पहिल्या ठरावाआधीच घोरायला लागायचा.

"दोसिंदे, बस खाली," तो म्हणाला. "नावाचं तू बोलू नकोस. तू कधी डोंगरापलीकडे, कास्तीयात गव्हाच्या कापणीला गेलीस का?"

"मी कशाला जाऊ?"

"मग! मी गेलोय. दर उन्हाळ्याला, विळा खांद्यावर टाकून, डोंगर उतरून पलीकडे. आमच्या गावची टोळी. तिकडच्या शेतमालकाला काय माहीत मी कुणाचा ते? त्याला लोहार ठाऊक नाही, गिरणीवाले ठाऊक नाहीत. त्याला हाक मारायला काहीतरी हवं. कुठला रे तू? रेबोरेदोचा. झालं! ए रेबोरेदो, पाणी आण. ए रेबोरेदो, तिकडची ओळ धर. अख्खा उन्हाळा मी रेबोरेदो. घाट चढून परत आलो, की ते नाव गळून पडायचं, पुन्हा मी आपला विणकरांचा देल्मीरो."

"मग?" प्रिमितीवोने विचारलं.

"मग काय मग? जो परत आला, त्याचं गळून पडलं. जो नाही आला, त्याला ते चिकटलं. कुणी तिकडे आजारी पडला, कुणी तिकडचीच पोरगी केली, कुणाच्या हाती काही लागलं नाही म्हणून घरी तोंड दाखवायची लाज वाटली. मुलं झाली, तीही रेबोरेदो. अरे, हे नाव इथे सापडणारच कसं? इथे राहिला त्याला ते नाव लागतच नाही! ते गेलेल्याचं नाव आहे." काका दमला, काठीवर हनुवटी टेकवली. "आणि कुणाचा म्हणून काय विचारता? कुठलं घर आहे इथे ज्यातला एकही माणूस तिकडे राहिला नाही? सांगा की. मी ऐकतो."

प्रिमितीवो चष्मा पुसायला लागला. एर्मितासने खाली मान घातली. तिचा मोठा काका असाच कुठेतरी राहिला होता, हे मला तिच्याच आईने सांगितलेलं. वर्षभर ज्याच्याकडे सगळे तिरक्या नजरेने बघत होते, त्याच्या तोंडावळ्यात आता प्रत्येक जण चोरून आपल्या घरचं नाक, आपल्या घरची हनुवटी शोधत होता. आणि तरी कुणाला खुर्ची पुढे करायचं सुचलं नाही.

दोसिंदा मात्र बसली नव्हती. "बरं, नावाचं जाऊ दे," ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "धुराचं काय? ते सांगा म्हणावं त्याला."

लाउरेआनोने घसा साफ केला, आणि त्यातून खोकला सुरू झाला तो थांबेना. तो टोपी तोंडावर दाबून वाकला. त्या खोकल्याचा आवाज दोसिंदाने वर्षभर बोळापलीकडून ऐकला होता. जवळून आत्ताच ऐकत होती. हा तंबाखूचा खोकला नव्हता. छातीत खडी हलावी तसा आवाज होता तो.

"दोसिंदाबाई खरं बोलतात," तो शेवटी म्हणाला. "चुलीवर शिजवत नाही मी. चुलीपाशी बसतही नाही. खाणीची धूळ छातीत बसलीये, अर्धी छाती दगड झाली आहे. डॉक्टर म्हणाला, धूर वर्ज्य. तालुक्याला त्याच्याकडेच जातो मी." श्वास घ्यायला थांबला. "पण तुमचा नियम धुराचा. मग पेटवायची आणि बाहेर यायचं. खाली गोठ्यात धूर उतरत नाही, तिथे झोपायचं. ओली झुडपं घातली की एकदा पेटवून धूर पुष्कळ येतो, पुन्हा पुन्हा आत जावं लागत नाही. मला वाटलं, तुम्हाला लांबून नीट दिसला पाहिजे."

"आधी सांगायचं नाही का, माणसा?" प्रिमितीवो जवळजवळ ओरडलाच.

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, निमित्त सांगतोय. नावालाच कुणी खरं मानलं नव्हतं."

प्रिमितीवोने चष्मा घातला, पुन्हा काढला. "हे बघा, नियमात आग म्हणजे राहणं. आग खोटी, पण राहणं खरं, असं कधी झालं नव्हतं. दोसिंदा, राखण तू करतेस. तूच सांग. हा माणूस इथे नव्हता, अशी एखादी सकाळ तू बघितलीस का?"

दोसिंदाला वाटलं, खोटं बोलावं. एक शब्द पुरला असता. 'हो' म्हटलं की झालं, तिचं म्हणणं राहिलं, तिचं नाक राहिलं. पण डोळ्यांना दिसलं ते खरं, असं तिचं तिनेच ठरवलेलं, आणि डोळ्यांना दिसत होती ती पायरी. धुक्यातली, दहिवरातली, पावसातली. तिला येतो म्हणून सांगितलेला एक माणूस कधी आला नाही. आणि हा, ज्याला कुणी बोलावलं नव्हतं, ज्याला कुणी ताटभर मांस दिलं नव्हतं, तो दर सकाळी तिथे बसलेला होता. तिला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही. रोज होता तो."

हात वर झाले. सगळे. देल्मीरोकाकाने तर काठीच वर केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आम्हाला तसली सवय नाही, पण माणसं उठून लाउरेआनोपाशी गेली, हात मिळवू लागली, एर्मितासने विचारलं की डुकराचं मांस खातोस ना रे. तो सगळ्यांना नुसता मान हलवत होता. मग गर्दीतून वाट काढत प्रिमितीवोपर्यंत आला आणि टोपी दोन्ही हातांनी धरून, एखादी मोठी सवलत मागावी तसं, हळूच विचारलं:

"मग आता विझवली तर चालेल का?"

"नियम तसा रोजचा आहे... म्हणजे वर्षापुरता नाही..." प्रिमितीवो चाचरला आणि दोसिंदाकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले.

"नियम मला शिकवू नकोस, प्रिमितीवो," दोसिंदा म्हणाली. "धुराडी मी बघते. मला जे दिसायचं ते दिसलं." मग ती लाउरेआनोकडे वळली. "चल रे. चल घरी. वर्षभर तो धूर माझ्यामुळे खाल्लास ना? चल, नीघ."

ती पुढे आणि तो मागे, चढावर थांबत थांबत. आमच्याकडे 'तुझी चूल विझो' याहून वाईट शिवी नाही. तशी शिवी दोसिंदाने काराकासच्या त्या दुसऱ्या घरालाही कधी दिली नव्हती. तिने त्याला बाहेर पायरीवर बसवलं. झऱ्यावरून बादली भरून आणली, एकटीच वर गेली आणि त्याच्या चुलीवर पाणी ओतलं, दोनदा, निखारा उरू नये म्हणून. आतून फस्सकन वाफ आणि राख उडाल्याचा आवाज आला. ती खाली उतरली तेव्हा तोंडावर राखेचे ओघळ होते.

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

लाउरेआनोने काहीच विचारलं नव्हतं. तो पायरीवर थोडा सरकला आणि तिला बसायला जागा केली.